जपानमधील कुटुंबव्यवस्थेचे परिवर्तन आणि सामाजिक ताण : मेजी कालखंडापासून वर्तमानापर्यंत

प्रस्तावना :

आशिया खंडात औद्योगिकीकरणाचा मार्ग सर्वप्रथम यशस्वीपणे चोखाळणारे राष्ट्र म्हणून जपानचा अभ्यास केला जातो. इतिहासाच्या पाठ्यग्रंथांतून १८६८ ची मेजी पुनर्स्थापना, १९०४-०५ चे रशिया-जपान युद्ध, दुसऱ्या महायुद्धातील पराभव आणि त्यानंतरची आर्थिक भरारी या घटनांचे सविस्तर विवेचन आढळते. मात्र या दीड शतकाच्या काळात सामान्य जपानी माणसाच्या घरात काय घडले, याची चर्चा त्या मानाने कमी झाली आहे. घटता जन्मदर, वाढते वृद्धत्व, एकाकी मृत्यू, अतिश्रमामुळे होणारे मृत्यू आणि स्वतःला घरात कोंडून घेणारे तरुण या आजच्या जपानमधील समस्यांची कारणे सांगताना दोन प्रकारची मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार पाश्चात्त्य व्यक्तिवादामुळे जपानची प्राचीन कुटुंबसंस्था मोडकळीस आली. दुसऱ्या मतानुसार जपानी संस्कृतीच मुळात समूहनिष्ठ असल्याने तिला आधुनिक व्यक्तिस्वातंत्र्य पेलवत नाही.

ही दोन्ही मते ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ज्या कुटुंबपद्धतीला 'प्राचीन' म्हटले जाते ती बऱ्याच अंशी १८९८ च्या नागरी संहितेने घडवलेली होती. १९४७ मध्ये ती कायद्याने रद्द झाली, परंतु तिने कुटुंबावर टाकलेली संगोपनाची, शुश्रूषेची आणि निर्वाहाची जबाबदारी शासनाने स्वतःकडे घेतली नाही. ती जबाबदारी प्रथम गृहिणी आणि कंपनी यांच्यात वाटली गेली व १९९० नंतर कंपनीने अंग काढून घेताच एकेकट्या व्यक्तीवर येऊन पडली. आजच्या ताणांचे मूळ या प्रक्रियेत शोधावे लागते, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मेजीपूर्व कुटुंब :

टोकुगावा राजवटीत (१६०३-१८६८) समाज सामुराई, शेतकरी, कारागीर व व्यापारी अशा श्रेणींत विभागलेला होता. 'इए' म्हणजे घराणे. घराचे नाव, मालमत्ता, व्यवसाय आणि पूर्वजांची पूजा यांचे सातत्य राखणारी ही संस्था होती. रक्ताच्या नात्यापेक्षा घराण्याचे सातत्य महत्त्वाचे मानले जाई. त्यामुळे मुलगा नसल्यास किंवा असलेला मुलगा कर्तबगार नसल्यास जावयाला दत्तक घेऊन त्याच्याकडे घराण्याचा कारभार सोपवण्याची प्रथा व्यापारी घराण्यांत विशेष रूढ होती.

तथापि, ज्येष्ठ पुत्राने सर्व वारसा घ्यावा हा नियम मुख्यतः सामुराई वर्गाचा होता. शेतकरी व इतर सामान्यजनांत प्रदेशपरत्वे वेगवेगळ्या चाली होत्या. नैर्ऋत्य जपानच्या काही भागांत धाकट्या मुलाकडे, तर ईशान्येकडील काही भागांत थोरल्या मुलीकडे व तिच्या पतीकडे घर जाई. सामान्यजनांत घटस्फोट व पुनर्विवाह यांचे प्रमाणही मोठे होते. सामुराई वर्ग लोकसंख्येच्या एक-दशांशाहूनही लहान होता. त्याची रीत सर्व जपानची रीत ठरली, ती मेजी शासनाच्या कायद्यामुळे.

नोंदवही, आडनाव आणि १८९८ ची नागरी संहिता :

मेजी शासनाने १८७१ मध्ये सरंजामी प्रांत बरखास्त केले. १८७२ मध्ये शिक्षणविषयक अधिनियम आणि १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती व जमीन महसुलाची नवी पद्धत लागू झाली. कर, सैनिक आणि विद्यार्थी या तिन्हींसाठी शासनाला प्रजेची नेमकी गणना हवी होती. त्यासाठी १८७१ च्या कायद्यान्वये 'कोसेकी' ही कुटुंबनोंदणीची पद्धत सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की नोंदणीचे एकक व्यक्ती नसून घर होते आणि प्रत्येक घराला एक प्रमुख होता. शासन त्या प्रमुखामार्फत घरातील इतरांपर्यंत पोहोचत असे.

१८७१ मध्येच अस्पृश्य मानल्या गेलेल्या समूहांचा हीन दर्जा कायद्याने रद्द करण्यात आला. परंतु कुटुंबनोंदींवरून माणसाचे मूळ गाव व पूर्वज शोधता येत असल्याने विवाह व नोकरी यांत 'बुराकू' समाजाविरुद्धचा भेदभाव चालूच राहिला. त्याविरुद्ध १९२२ मध्ये क्योटो येथे 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन झाली. नोंदवह्या कोणालाही पाहता येण्याची मोकळीक बंद होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. समतेचा कायदा आणि विषमता टिकवणारी प्रशासकीय व्यवस्था शेजारी शेजारी नांदू शकतात, हे येथे स्पष्ट होते.

सामान्यजनांना आडनाव लावण्याची परवानगी १८७० मध्ये मिळाली आणि १८७५ मध्ये आडनाव सक्तीचे झाले. १८७६ च्या शासकीय आदेशानुसार विवाहित स्त्रीने माहेरचेच आडनाव वापरावयाचे होते. पति-पत्नींचे आडनाव एकच असावे हा नियम १८९८ च्या संहितेने आणला. आज ज्याला परंपरा म्हटले जाते त्या प्रथेचे कायदेशीर वय एवढेच आहे.

ही संहिता सहजासहजी झाली नाही. असमान करारांतून मुक्त होण्यासाठी जपानला पाश्चात्त्य धर्तीचे कायदे आवश्यक होते. फ्रेंच कायदेपंडित बोआसोनाद यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली पहिली नागरी संहिता १८९० मध्ये जाहीर झाली. ती व्यक्तिवादी असल्याचा आक्षेप घेण्यात आला. नागरी संहिता आली की राजनिष्ठा व पितृभक्ती नष्ट होतील, असा युक्तिवाद होझुमी यात्सुका या कायदेपंडिताने १८९१ मध्ये केला. १८९२ मध्ये संसदेने अंमलबजावणी लांबणीवर टाकली आणि १८९८ मध्ये कुटुंबविषयक भाग नव्याने लिहिला जाऊन लागू झाला.

नव्या संहितेने कुटुंबप्रमुखाला ('कोशु') व्यापक अधिकार दिले. घरातील सदस्यांच्या विवाहाला त्याची संमती आवश्यक होती. त्यांनी कोठे राहावे हे तो ठरवू शकत असे. प्रमुखपद व त्यासोबत घराण्याची मालमत्ता ज्येष्ठ पुत्राकडे जाई. कर्ज घेणे किंवा स्थावर मालमत्तेचा व्यवहार करणे यांसाठी पत्नीला पतीची परवानगी लागे. पत्नीचा व्यभिचार हे घटस्फोटास पुरेसे कारण होते, पतीचा मात्र तसा नव्हता. १८८९ ची राज्यघटना आणि १८९० चा शिक्षणविषयक राजादेश यांनी सम्राट हा राष्ट्ररूपी घराचा पिता असल्याची भावना शाळाशाळांतून रुजवली. १९३७ मध्ये शिक्षण मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या 'कोकुताई नो होंगी' या पुस्तिकेत तिचे टोकाचे रूप दिसून येते.

स्त्रिया, गिरणी आणि मातृत्वाचा वाद :

जपानच्या औद्योगिकीकरणाचा पहिला भार तरुण मुलींनी उचलला. १८७२ मध्ये शासनाने तोमिओका येथे आदर्श रेशीम गिरणी उभारली. पुढे रेशीम व कापूस उद्योगांचा झपाट्याने विस्तार झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांतील कामगारांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांपैकी बहुसंख्य खेड्यांतील गरीब शेतकऱ्यांच्या मुली होत. गिरणीचा मध्यस्थ मुलीच्या वडिलांशी करार करी व आगाऊ रक्कम त्यांच्या हाती ठेवी. ती फिटेपर्यंत मुलगी गिरणीच्या वसतिगृहात राही. करार घराशी होता, श्रम मुलीचे होते. दीर्घ पाळ्या, रात्रपाळी, कोंदट जागा व अपुरे अन्न यांमुळे क्षयरोगाचा फैलाव झाला आणि आजारी मुली गावी परत पाठवल्या गेल्या. १८८६ मध्ये कोफू येथील रेशीम गिरणीतील स्त्री-कामगारांनी केलेला संप हा जपानमधील आरंभीच्या औद्योगिक संपांपैकी एक होय. कारखाना अधिनियम १९११ मध्ये संमत झाला, १९१६ मध्ये लागू झाला, आणि स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी प्रत्यक्षात येण्यास १९२९ पर्यंत थांबावे लागले. गिरणी कामगार स्त्रियांच्या जीवनाचे चित्र होसोई वाकिझो यांच्या १९२५ मधील 'जोको आइशी' या ग्रंथात आढळते.

मध्यमवर्गीय मुलींसाठी आदर्श वेगळा होता. 'उत्तम पत्नी व सुज्ञ माता' हे स्त्रीशिक्षणाचे अधिकृत ध्येय ठरले. १८९९ मध्ये मुलींच्या उच्च विद्यालयांसाठी स्वतंत्र आदेश निघाला आणि १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी टोकियो येथे जपान महिला विद्यापीठाची स्थापना केली. या संस्थेचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला. तिची माहितीपुस्तिका वाचून महर्षी धोंडो केशव कर्वे प्रभावित झाले, १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी त्या धर्तीवर महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ती अमलात आणली. स्त्रीला शिक्षण द्यावे, पण ते तिच्या गृहिणीपदाशी सुसंगत असावे, या भूमिकेतील सामर्थ्य व मर्यादा दोन्ही समाजांना अनुभवावयास मिळाल्या.

या आदर्शाला पहिले जाहीर आव्हान हिरात्सुका राइचो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या 'सेइतो' या मासिकाने दिले. १९१८-१९ मध्ये मातृत्वाच्या संरक्षणावरून झालेला वाद तर आजच्या प्रश्नांचा पूर्वसंकेत म्हणता येईल. कवयित्री योसानो आकिको यांच्या मते शासनाच्या मदतीवर विसंबणे हेही परावलंबनच होते, म्हणून स्त्रीने आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र व्हावे. हिरात्सुका यांच्या मते अपत्यसंगोपन हे समाजाचे कार्य असल्याने त्याचा भार शासनाने उचलावा. भांडवली व्यवस्था कायम असेपर्यंत दोन्ही मार्ग अपुरे आहेत, असे यामाकावा किकुए यांचे म्हणणे होते. संगोपनाचा भार कोणी उचलावा हा या वादातील प्रश्न पुढील शंभर वर्षे अनुत्तरित राहिला.

१९४७ : अधिकार मिळाले, जबाबदारी तेथेच राहिली :

पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील जपानमध्ये (१९४५-१९५२) मोठे कायदेशीर बदल झाले. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले व ३९ स्त्रिया संसदेवर निवडून आल्या. ३ मे १९४७ रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या २४ व्या कलमाने विवाह केवळ उभयतांच्या संमतीवर आधारलेला असेल व कुटुंबविषयक कायदे व्यक्तीची प्रतिष्ठा आणि स्त्री-पुरुष समता यांस अनुसरून असतील, असे घोषित केले.

या कलमाचा मूळ मसुदा बेआते सिरोता या २२ वर्षांच्या तरुणीने लिहिला. बालपण टोकियोत गेल्याने जपानी स्त्रियांची स्थिती तिला जवळून ठाऊक होती. तिच्या मसुद्यात गर्भवती स्त्रिया व माता यांना शासकीय साहाय्य, मुलांचे आरोग्य यांसारख्या तपशीलवार सामाजिक तरतुदीही होत्या. राज्यघटनेत एवढा तपशील नको, अशी भूमिका तिच्या वरिष्ठ अमेरिकी अधिकाऱ्यांनी घेतली व त्या वगळण्यात आल्या. समतेचे तत्त्व राज्यघटनेत आले, परंतु ते व्यवहारात उतरवण्यासाठी लागणारा आधार मसुद्यातच राहिला.

१९४७ मध्ये सुधारलेली नागरी संहिता १ जानेवारी १९४८ पासून लागू झाली. कुटुंबप्रमुखाचे पद व ज्येष्ठ पुत्राचा एकाधिकार रद्द झाला. मुलगे व मुली यांना समान वारसा मिळाला. 'इए' पद्धतीचा कायदेशीर अंत झाला, असे म्हटले जाते ते यामुळे. परंतु परंपरावाद्यांशी झालेल्या तडजोडीच्या खुणा संहितेत स्पष्ट दिसतात. सरळ रेषेतील रक्ताच्या नातेवाइकांनी व एकत्र राहणाऱ्या आप्तांनी परस्परांना साहाय्य करावे, असे ७३० वे कलम सांगते. ८७७ व्या कलमाने रक्ताच्या जवळच्या नातेवाइकांवर परस्परांच्या निर्वाहाचे बंधन घातले. ८९७ व्या कलमाने वंशावळी, पूजासाहित्य व थडगी यांचा वारसा सर्वसाधारण वारशाहून वेगळा ठेवला. ७५० व्या कलमाने पति-पत्नींना एकच आडनाव निवडण्याची सक्ती केली. कोसेकी नोंदवहीही कायम राहिली. तिची व्याप्ती दाम्पत्य व त्यांची अविवाहित मुले एवढीच झाली, पण एकक घर हेच राहिले.

कंपनी आणि गृहिणी : वेगवान आर्थिक वाढीचा काळ :

१९५५ ते १९७३ या काळात जपानची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी १० टक्क्यांच्या आसपास वाढली. १९६० मध्ये पंतप्रधान इकेदा हायातो यांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना जाहीर केली. खेड्यांतील माध्यमिक शाळा संपवलेली मुले-मुली खास आगगाड्यांनी गटागटाने शहरांत कामाला जात. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाने उभारलेल्या वसाहतींतील छोट्या घरांत पति-पत्नी व मुले एवढ्याच कुटुंबाला जागा होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठरवून केलेल्या विवाहांपेक्षा प्रेमविवाहांचे प्रमाण अधिक झाले.

गाव व घराणे सोडून आलेल्या पुरुषाला आधार मिळाला तो कंपनीत. दीर्घकालीन नोकरी, सेवाज्येष्ठतेनुसार वेतन आणि कंपनीनिहाय कामगार संघटना ही या व्यवस्थेची तीन वैशिष्ट्ये होती. मोठ्या कंपन्या घर, कर्ज, आरोग्यसेवा, सहली इत्यादी सोयी पुरवीत. मानववंशशास्त्रज्ञ नाकाने चिए यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की जपानी माणूस स्वतःची ओळख व्यवसायापेक्षा संस्थेवरून सांगतो आणि घराण्याची चौकट कंपनीत पुन्हा अवतरते. मात्र या व्यवस्थेचा पूर्ण लाभ मुख्यतः मोठ्या कंपन्यांतील पुरुष कर्मचाऱ्यांनाच मिळत होता. लहान कारखान्यांतील कामगार, कंत्राटी मजूर व बहुसंख्य स्त्रिया तिच्या बाहेर होत्या. विवाह होताच स्त्रीने नोकरी सोडण्याचा नियम अनेक ठिकाणी होता. तो अवैध असल्याचा निर्णय टोकियो जिल्हा न्यायालयाने १९६६ मध्ये दिला, तरी प्रथा बराच काळ चालू राहिली.

पुरुष रात्री उशिरापर्यंत कंपनीत राहू शकत होता, कारण घर, मुलांचे शिक्षण आणि वृद्धांची सेवा त्याची पत्नी पाहत होती. शासकीय धोरणाने ही विभागणी पक्की केली. १९६१ मध्ये कमावत्या पतीला पत्नीपोटी प्राप्तिकरात स्वतंत्र सवलत मिळाली. १९७३ हे वर्ष 'कल्याणकारी युगाचे पहिले वर्ष' म्हणून घोषित होऊन ७० वर्षांवरील वृद्धांना मोफत वैद्यकीय उपचार मिळू लागले. परंतु त्याच वर्षी तेलसंकट उद्भवले आणि धोरण बदलले. १९७८ च्या आरोग्य व कल्याण मंत्रालयाच्या श्वेतपत्रिकेने वृद्ध मातापित्यांसह राहणाऱ्या कुटुंबांचा उल्लेख कल्याणकार्यातील अप्रकट संपत्ती असा केला. कुटुंब, शेजार व कंपनी यांवर भिस्त ठेवणारा 'जपानी पद्धतीचा कल्याणकारी समाज' हे पुढे अधिकृत ध्येय झाले. ही अप्रकट संपत्ती म्हणजे प्रत्यक्षात सुनेचे विनावेतन श्रम होते. आरियोशी सावाको यांच्या १९७२ मधील 'कोकोत्सु नो हितो' या कादंबरीत स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याची सेवा करणाऱ्या नोकरदार सुनेची कथा आहे. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, यावरून हा अनुभव किती घरांतला होता याची कल्पना येते.

१९८५ या एकाच वर्षात तीन कायदे झाले. रोजगारातील समान संधीचा कायदा, कामगार पुरवठा संस्थांमार्फत तात्पुरत्या कामगारांच्या नेमणुकीस मान्यता देणारा कायदा, आणि नोकरदार पतीवर अवलंबून असलेल्या पत्नीला स्वतः वर्गणी न भरता मूळ निवृत्तिवेतन देणारी सुधारणा. पहिल्या कायद्याने स्त्रीला पुरुषासारखे काम करण्याचे आमंत्रण दिले, दुसऱ्याने तिच्यासाठी अस्थिर कामाचे दार उघडले आणि तिसऱ्याने घरी राहण्यास प्रोत्साहन दिले. समतेचा स्वीकार आणि जुन्या श्रमविभागणीचे संरक्षण अशी दुहेरी भूमिका शासनाने एकाच वेळी घेतली होती.

आधार सुटल्यानंतर :

२९ डिसेंबर १९८९ रोजी टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक उच्चांकावर पोहोचला. त्यानंतरची घसरण एवढी दीर्घ ठरली की तो उच्चांक ओलांडण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडला. कंपन्यांनी जुन्या कायम कर्मचाऱ्यांना शक्यतो सांभाळले, पण नवी भरती रोखली. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दहा वर्षांत शिक्षण पूर्ण करणारी पिढी 'नोकऱ्यांच्या हिमयुगा'त सापडली. १९९५ मध्ये मालकांच्या राष्ट्रीय महासंघाने कर्मचाऱ्यांची तीन गटांत विभागणी सुचवली. त्यांपैकी एकाच गटाला दीर्घकालीन नोकरी मिळावयाची होती. १९९९ मध्ये तात्पुरत्या कामगारांच्या नेमणुकीची क्षेत्रे वाढवली गेली आणि २००४ पासून कारखानदारीतही ती सुरू झाली. १९९० मध्ये एकूण कर्मचाऱ्यांत सुमारे एक-पंचमांश असलेले अनियमित कर्मचारी पुढील तीन दशकांत एक-तृतीयांशाहून अधिक झाले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे.

याचे परिणाम थेट जीवनमरणाशी निगडित होते. आत्महत्यांची संख्या १९९७ मधील सुमारे २४ हजारांवरून १९९८ मध्ये ३२ हजारांवर गेली आणि २०११ पर्यंत सलग १४ वर्षे ३० हजारांच्या वर राहिली. हा प्रश्न व्यक्तिगत नसून सामाजिक असल्याचे मान्य करणारा आत्महत्या प्रतिबंधक मूलभूत कायदा २००६ मध्ये झाला. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदीत काम गमावलेल्या तात्पुरत्या कामगारांनी कंपनीच्या खोल्याही गमावल्या. त्यांच्यासाठी स्वयंसेवी संस्थांनी टोकियोच्या हिबिया उद्यानात तंबू उभारले. नोकरी गेली की घरही जाते, हे चित्र तेव्हा साऱ्या देशाने पाहिले.

जे नोकरीत टिकले त्यांच्यावर कामाचा ताण वाढला. अतिश्रमाने होणारा मृत्यू ('कारोशी') हा शब्द १९८० च्या दशकात रूढ झाला होता. त्याच्या प्रतिबंधाचा कायदा २०१४ मध्ये झाला. जादा कामाच्या तासांवर दंडनीय कमाल मर्यादा मात्र २०१८ च्या कायद्याने घातली व ती २०१९ पासून लागू झाली. तीही विशेष परिस्थितीत वर्षाला ७२० तासांपर्यंतची आहे.

विवाह, वृद्धत्व आणि एकाकीपणा :

स्थिर नोकरी नसलेल्या पुरुषाला विवाह परवडत नाही आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीला विवाहानंतरचा दुहेरी भार नको असतो. १९७० मध्ये वयाच्या पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिलेले पुरुष दोन टक्क्यांहून कमी होते. २०२० मध्ये ते एक-चतुर्थांशाहून अधिक झाले. जपानमध्ये विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असल्याने विवाह घटले की जन्मही घटतात. १९८९ मधील एकूण जननदर १.५७ असल्याचे जाहीर झाले तेव्हा देशाला धक्का बसला होता. २०२४ मध्ये तो १.१५ पर्यंत खाली आला आणि त्या वर्षी सुमारे ६ लाख ८६ हजार बालके जन्मास आली. ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण १९७० मध्ये ७ टक्के होते. १९९४ मध्ये ते १४ टक्के झाले आणि २०२४ मध्ये २९ टक्क्यांवर पोहोचले.

वृद्धांची शुश्रूषा ही सुनेची खासगी बाब नाही, हे शासनाने दीर्घकालीन शुश्रूषा विम्याच्या कायद्याने मान्य केले. १९९७ मध्ये संमत झालेली ही योजना एप्रिल २००० पासून सुरू झाली व ४० वर्षांवरील प्रत्येकाला वर्गणी सक्तीची झाली. जपानच्या सामाजिक इतिहासातील हा खरा वळणबिंदू होय. योजनेच्या आखणीत शुश्रूषेचा भार वाहणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांचाही वाटा होता. परंतु सेवकांची टंचाई व वाढता खर्च यांमुळे भार पूर्णतः हलला नाही. आजही दरवर्षी सुमारे एक लाख लोक घरातील वृद्धांसाठी नोकरी सोडतात आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक आहे. वृद्धानेच वृद्धाची सेवा करणे ही तर नित्याची बाब झाली आहे.

मनोविकारतज्ज्ञ साइतो तामाकी यांनी १९९८ मध्ये 'हिकिकोमोरी' म्हणजे समाजापासून दूर होऊन घरात कोंडून घेणाऱ्या तरुणांकडे लक्ष वेधले. ते तरुण आता मध्यमवयीन झाले आहेत. ४० ते ६४ वयोगटातील अशा व्यक्तींची संख्या ६ लाखांहून अधिक असल्याचा शासकीय अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऐंशीच्या घरातील माता-पित्यांच्या निवृत्तिवेतनावर पन्नाशीतील अपत्य जगते, यास '८०-५० समस्या' असे म्हटले जाते. घरातील प्रश्न घरातच सोडवावा व बाहेर वाच्यता करू नये, ही शिकवण अशा कुटुंबांना मदत मागण्यापासून रोखते. २०२० च्या जनगणनेत ३८ टक्के कुटुंबे एकाच व्यक्तीची होती. राष्ट्रीय पोलीस यंत्रणेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये एकटे राहणारे सुमारे ७६ हजार लोक आपल्या घरी मृत्यू पावले. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक ६५ वर्षांवरील होते. एकाकीपणाच्या प्रश्नासाठी शासनाने २०२१ मध्ये मंत्री नेमला आणि २०२३ मध्ये कायदा केला.

आडनावाचा प्रश्न :

'इए' पद्धतीचा अवशेष किती चिवट आहे, हे आडनावाच्या प्रश्नावरून लक्षात येते. कायदा पती किंवा पत्नी यांपैकी कोणाचेही आडनाव निवडण्यास मुभा देतो, पण सुमारे ९५ टक्के दाम्पत्ये पतीचेच निवडतात. इच्छेनुसार वेगवेगळी आडनावे ठेवण्याची मुभा द्यावी, अशी शिफारस शासनाच्या विधी सल्लागार मंडळाने १९९६ मध्येच केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ व २०२१ मध्ये सध्याचा नियम घटनात्मक ठरवून निर्णय संसदेवर सोपवला. २०१५ च्या निकालात त्या वेळच्या तिन्ही स्त्री न्यायाधीशांनी हा नियम घटनाबाह्य असल्याचे मत नोंदवले, ही बाब लक्षणीय आहे. २०२४ मध्ये उद्योगपतींच्या महासंघानेही बदलाची मागणी केली. विरोधकांचा मुख्य मुद्दा परंपरेचा आहे. मात्र १८७६ च्या आदेशाने पत्नीला माहेरचे आडनाव राखावयास सांगितले होते, हे पाहता तो मुद्दा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. प्रथमतः, जपानची एकसाची पितृसत्ताक कुटुंबपद्धती ही आधुनिक राज्यनिर्मितीचे फलित होती. मेजी शासनाने अल्पसंख्य सामुराई वर्गाची रीत सर्वांना लागू केली. म्हणून आधुनिकतेने प्राचीन कुटुंब मोडले, हे म्हणणे अपुरे ठरते. दुसरे म्हणजे, १९४७ च्या सुधारणांनी अधिकारांचे वाटप बदलले, कर्तव्यांचे बदलले नाही. तिसरे म्हणजे, आर्थिक वाढीच्या काळात कंपनी व गृहिणी या जोडीने ही कर्तव्ये पेलली. त्या काळाचे स्थैर्य राष्ट्रीय स्वभावातून आलेले नव्हते. विशिष्ट करपद्धती, निवृत्तिवेतनाचे नियम, रोजगाराची रीत आणि स्त्रियांचे विनावेतन श्रम यांवर ते उभे होते. हे आधार एकेक करून ढळले तेव्हा ताण उघडे पडले.

या ताणांचा दोष तरुणांच्या स्वार्थीपणाला किंवा सुशिक्षित स्त्रियांच्या महत्त्वाकांक्षेला देण्याची प्रवृत्ती जपानच्या सार्वजनिक चर्चेत वारंवार दिसते. ऐतिहासिक पुरावा त्यास दुजोरा देत नाही. विवाह टाळणारी स्त्री व विवाह न परवडणारा पुरुष हे दोघेही नव्या परिस्थितीत जुन्या अटी नाकारत आहेत किंवा त्या पूर्ण करू शकत नाहीत, एवढेच यावरून सिद्ध होते. २००० च्या शुश्रूषा विम्याने दाखवून दिले की, संस्थात्मक उपाय केल्यास कुटुंबावरील भार काही अंशी तरी समाजाला वाटून घेता येतो. संगोपन, रोजगार आणि विवाहविषयक कायदा या क्षेत्रांत तसे पाऊल किती लवकर व किती ठामपणे टाकले जाते, यावर जपानी समाजाचे पुढील स्वास्थ्य अवलंबून राहील. १९१८ मध्ये हिरात्सुका व योसानो यांनी उपस्थित केलेला प्रश्न आजही तोच आहे.